गावफेरी : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात आमच्या बेळगावजवळच्या खानापूरच्या गावफेरीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. स्टेशनवरून निघायचं, कुंभारांच्या घरांवरून मलप्रभेच्या घाटापर्यंत यायचं, वाटेत जे दिसेल त्याचा इतिहास सांगायचा. फेरी तास-दीड तासाची, सांगणारे सगळे गावातलेच, पैसे नाहीत. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचं म्हणणं एकच, ‘आमच्याकडेही करायचं आहे, पण...’ त्या ‘पण’च्या पुढचं तेवढं इथे घेते. ज्यांचं राहिलं त्यांनी रुसू नये, पुढच्या अंकात बघू.

निपाणीहून, कॉलेजच्या मुलामुलींचा एक गट : नमस्कार बाई. आम्ही राहतो निपाणीत आणि शिकतो अर्जुननगरला. आम्हालाही फेरी सुरू करायची आहे. पण आमच्या गावात दाखवायचं काय? लेणी नाहीत, जुनं मोठं देऊळ नाही, कुणाची राजधानी नव्हती. निपाणकरांचा वाडा आहे, बाकी सगळ्या तंबाखूच्या वखारी. घरी बोललो तर बाबा म्हणाले, ‘तंबाखूचा वास दाखवणार काय लोकांना?’

वासच दाखवा की! निपाणीत उतरलेल्या पाहुण्याला गाव आधी नाकानं कळतं. तुम्ही ते लपवून त्याला वाड्याची कमान दाखवत बसणार होय? निपाणी वाढली ती बिडीच्या तंबाखूवर. आजूबाजूच्या खेड्यांतून माल यायचा, वखारीत उतरायचा, चाळून-निवडून पोत्यांत भरला जायचा आणि दूरदूर जायचा. ज्या तेंदूच्या पानात तो वळतात ते पान मात्र आपल्याकडचं नव्हे, ते विदर्भ-मध्य प्रदेशाकडच्या जंगलातलं. बोटाएवढ्या बिडीत दोन मुलखांचा व्यापार असतो. हे वखारीच्या दारात उभं राहून सांगा, बाबासुद्धा ऐकायला येतील.

वखारीची गोष्ट मालकापासून सुरू करू नका. आत बसून तंबाखू चाळणाऱ्या बायकांपासून करा. नाकातोंडाला पदर बांधून दिवसभर त्या खकाण्यात बसायच्या. पुढे त्यांनी संघटना बांधली, मजुरीसाठी मोर्चे काढले. त्यांतल्या कितीतरी जणी आज थकल्यात, पण आहेत. तुमच्यातच कुणाची तरी आजी निघेल. तिच्याकडे वही घेऊन जा आणि बारीकसारीक विचारा. सकाळी कितीला जायची, भाकरी कुठे बसून खायची, हात धुतले तरी तोंडाला तंबाखू लागायचा का, तान्हं मूल कुणाकडे ठेवायची, शनिवारचा हिशेब कोण करायचं. ‘तुम्हाला काय वाटतं’ असलं विचारू नका, त्याला कुणीही ‘बरं होतं बाबा’ एवढंच उत्तर देतं.

आणि बिडी वळणाऱ्या एखाद्या मावशीला तिच्याच दारात दहा मिनिटं काम करून दाखवायला सांगा. मांडीवर सूप. सुपात एका अंगाला भिजवून मऊ केलेली पानं, दुसऱ्या अंगाला तंबाखू. मापाचा पत्रा पानावर ठेवला की भोवतीनं कात्री फिरते. कापलेल्या पानावर चिमूटभर तंबाखू पसरायचा, पान अंगठ्याखाली वळायचं, तोंड नखानं आत दुमडायचं, दोऱ्याचे वेढे मारायचे. तुमचा सांगणारा ‘आता नीट बघा हं’ म्हणेपर्यंत तिची दुसरी बिडी हातात आलेली असते. मग तिला छाटीबद्दल बोलू द्या. हजाराच्या हिशेबातून किती बिड्या वाईट म्हणून बाजूला काढतात, कोण काढतं, त्यांचे पैसे मिळतात की नाही. हे ती सांगेल तसं मी सांगू शकणार नाही. तिला त्या वेळेचे पैसे मोजून द्या. तुमची फेरी फुकट असेल, तिची मजुरी नगावर असते. फोटो तिला विचारून.

वाडा घ्याच. सिद्धोजीराव ऊर्फ आप्पा देसाई निपाणकर म्हणजे पेशवाईच्या अखेरचे मोठे सरदार. पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला तो वेलिंग्टन 1803 मध्ये नुसता जनरल वेलस्ली होता आणि आपल्याच भागातून पुण्याकडे गेला. त्याच्या त्या वेळच्या पत्रांत निपाणीचे हे आप्पा देसाई भेटतात. एवढं सांगितलं की मागची पोरंही पुढे सरकतात. तिथेच थांबा. कुठल्या खिडकीत कोण बसायचं आणि भुयार कुठे निघायचं, याला कागद नसेल तर सोडून द्या. भुयार प्रत्येक वाड्याला असतं आणि आपल्याकडचं प्रत्येक भुयार पन्हाळ्यालाच निघतं.

आता तुमच्या पत्रात नसलेल्या दोन गोष्टी. एप्रिल 1925 मध्ये निपाणीत बहिष्कृत परिषद भरली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडचा सत्याग्रह त्यानंतर दोन वर्षांनी झाला. याला स्वतंत्र थांबा हवा. शेवटी ‘आणि याशिवाय’ म्हणून उरकू नका. ज्या वस्तीत ही आठवण जपली आहे तिथल्या माणसानंच तो थांबा सांगावा. तुमच्या गटात त्या वस्तीतलं कुणीच नसेल, तर फेरीची तारीख ठरवायच्या आधी गट वाढवा.

दुसरं, 1981 चं तंबाखू आंदोलन. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भाव मागायला शेतकरी पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर ठाण मांडून बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या जागेला लोक आंदोलननगर म्हणतात, याहून मोठा फलक कुठला पाहिजे? फक्त वीस माणसं हमरस्त्याच्या कडेला उभी करू नका, वस्तीच्या आत वळा. तिथे बसलेली माणसं अजून भेटतात. एखाद्या काकांना खुर्ची द्या आणि विचारा, भाकऱ्या कुठल्या गावाहून यायच्या, रात्री अंथरूण काय असायचं, बैलांचं काय केलं होतं.

इथे एक सांगून ठेवते. शेतकरी, वखारवाला आणि वखारीतली बाई या तिघांच्या आठवणी एकमेकांशी जुळणार नाहीत. तुम्ही त्या जुळवायला जाऊ नका. शेतकऱ्याला व्यापाऱ्याकडून भाव हवा होता, बाईला त्याच व्यापाऱ्याकडून मजुरी हवी होती, आणि त्याच बाईच्या घरचं कुणीतरी त्याच शेतकऱ्याच्या रानात रोजानं जात असणार. ज्याचं त्याला ज्याच्या त्याच्या जागी सांगू द्या. ऐकणारा गुंता घेऊन घरी जाईल, जाऊ दे.

बाकी तपशील असा. सात-आठ थांबे पुरेत. चालणं दीड किलोमीटरच्या वर नको आणि माणसं वीसच्या वर नकोत, नाहीतर मागच्यांना ऐकू जात नाही आणि मग ती आपापसांत लग्नाच्या गोष्टी काढतात. क्रम सनावळीनं लावू नका, पायानं लावा. 1925 नंतर 1803 आलं तरी कुणी मार्क कापत नाही. आणि शेवटचा थांबा तुमच्या कॉलेजच्या रस्त्यावर घ्या असं मी म्हणेन. रोज सकाळी घर कर्नाटकात ठेवून महाराष्ट्रात शिकायला जाता, तर हद्द कुठे आहे, ती ओलांडल्यावर एसटीच्या पाट्या आणि दुकानांवरचे फलक कसे बदलतात, हे तुमच्याइतकं कोण दाखवणार?

नंदगडहून एक शिक्षक : बाई, आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना घेऊन नंदगडची फेरी करायची आहे. अडचण इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची. गावात प्रत्येकजण वेगळी हकीगत सांगतो आणि दुसऱ्याची खोटी म्हणतो. कुठली धरायची? शिवाय हलशी जवळच आहे, तीही त्याच सकाळी घ्यावी म्हणतो.

सर, हलशी त्याच सकाळी नको. त्याचं पुढे सांगते.

रायण्णाच्या बाबतीत सांगणाऱ्यानं आवाज दोन ठेवावेत, एक कागदाचा आणि एक गावाचा. कागदाचा आवाज थोडका असतो. कित्तूर संस्थान कंपनी सरकारनं घशात घालायचा घाट घातला. 23 ऑक्टोबर 1824 ला कित्तूरपुढच्या लढाईत थॅकरे नावाचा कलेक्टर मारला गेला. डिसेंबरात कित्तूर पडलं. राणी चन्नम्मांना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं आणि 1829 मध्ये त्या तिथेच वारल्या. संगोळ्ळीच्या रायण्णानं त्यानंतर माणसं जमवून सरकारी कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. 1830 मध्ये तो पकडला गेला आणि 26 जानेवारी 1831 ला नंदगडला त्याला फाशी दिलं. एवढं ठाम आवाजात सांगा.

त्यानंतर एक श्वास घ्या आणि म्हणा, ‘आता गाव काय म्हणतं ते ऐका.’ समाधीजवळचं वडाचं झाड कुणी लावलं, पकडून कुणी दिला, शेवटची इच्छा काय होती, हे सगळं या दुसऱ्या आवाजात. आणि ते गावातल्या माणसानंच सांगावं. दोन म्हातारे दोन हकीगती सांगत असतील तर दोघांनाही बोलवा, एकामागून एक उभे करा. भांडतील? थोडं भांडू द्या, लोकांना तेच घरी गेल्यावर आठवतं. तुम्ही मध्ये पडून निकाल देऊ नका. समाधीपाशी चपला बाहेर, घोषणा नाहीत, आणि 26 जानेवारीला फेरी ठेवू नका. त्या दिवशी तिथे माणसांची रीघ असते, तुमचा आवाज कुणाला ऐकू येणार नाही आणि येऊही नये.

रायण्णामुळे एक गोष्ट मागे पडते ती म्हणजे नंदगडची पेठ. आज शांत वाटते, पण एकेकाळी गोव्याचा माल घाट चढून इथे उतरायचा. मीठ, खोबरं, सुपारी इकडे यायची आणि धान्य तिकडे जायचं. 1884 चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर मिळवा, आता ते घरबसल्या मोबाईलवर वाचता येतं. इंग्रजी जुनाट आहे, साहेबी तोरा जागोजागी आहे, तरी त्या वेळी कुठल्या गावात काय विकलं जायचं ते त्यात सापडतं. ते वाचून पेठेत जा आणि जुन्या दुकानांची जोती बघा. रस्त्यापासून एवढी उंच का? फळ्यांची दारं अशी का? माल कुठून आत घ्यायचे? दुकानदाराला विचारा. तो आधी ‘काय की’ म्हणेल, मग आतून वडिलांची वही काढून आणेल.

आता हलशी. तिला वेगळी सकाळ द्या, तिचा मान तेवढा आहे. पाचव्या शतकाच्या आसपास ती पलाशिका म्हणून कदंबांची दुसरी राजधानी होती. तिथे सापडलेल्या ताम्रपटांत जैन मंदिरांना दिलेल्या दानांची नोंद आहे. आज दिसतं ते भूवराह-नरसिंह मंदिर त्यानंतरचं, बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या वेळचं. आत दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकीकडे नरसिंह, दुसरीकडे भूवराह. लोकांना मंडपाच्या मध्यावर उभं करा आणि काही न बोलता आधी इकडे, मग तिकडे बघायला सांगा. ताम्रपट आणि राजांची नावं बाहेर आल्यावर.

आणि सर, तुमच्या पोरांना शिलालेखावर पीठ, खडू, हळद काहीही चोळू देऊ नका. ‘अक्षरं उठून दिसतात’ म्हणून हे सगळीकडे चालतं आणि त्यानं दगड खराब होतो. अक्षरं बघायची तर सकाळचं तिरपं ऊन येईल अशी वेळ साधा. ऊन पोचत नसेल तर बॅटरी दगडाच्या अंगाला लावून आडवा उजेड टाका. अक्षरांच्या कडांना सावली पडते, बोट न लावता ओळ वाचता येते.

संकेश्वरहून एक गृहस्थ : तुम्ही फेऱ्यांचं फार कौतुक करता म्हणून हे पत्र. आमचं घर जुनं आहे, चौसोपी. एक तरुणांचा गट अधूनमधून वीस-पंचवीस लोक घेऊन दारात उभा राहतो. आमच्या पणजोबांबद्दल काहीबाही सांगतात. परवा सोप्यावर आईनं पापड वाळत घातले होते, तर त्याचे आणि तिचे फोटो काढले. हटकलं तर म्हणाले, ‘हा सगळ्या गावाचा वारसा आहे.’ घरपट्टी मात्र मी एकटा भरतो.

घरपट्टीचं वाक्य आवडलं. तुमचं बरोबर आहे आणि त्या पोरांचं चुकलंय. हे मी इथे छापते आहे ते त्यांनी वाचावं म्हणूनच.

दारापुढे उभं राहून जे सांगायचं ते त्या दारातल्या माणसासमोर जसंच्या तसं सांगता आलं पाहिजे. आमच्याकडे थांब्यावर बोलायचा मजकूर एका पानावर लिहून घरमालकाला आधी वाचून दाखवतात. घरात आजी असेल तर आजीला. बरेचदा आजी एक नाव दुरुस्त करते, एक गोष्ट काढून टाकायला लावते आणि दोन नव्या देते. एखाद्या घरातून ‘नको’ आलं तर तो थांबा गेला, फेरी पुढच्या कोपऱ्यावर जाते. लोक उभे राहतात रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, सोप्यात नाही, पायरीवर नाही. आतल्या माणसाचा फोटो नाही. पापडांचाही नाही.

आता तुम्हालाही दोन शब्द, राग मानू नका. घर तुमचं, पण त्याच्या पुढची गल्ली सगळ्यांची. रस्त्यावरून दिसणारी तुळई, कमान, तिच्यावरचं कोरीव काम याबद्दल कुणी नीट बोललं तर त्याला अडवू नये. पणजोबांबद्दल चुकीचं सांगत असतील तर बरोबर काय ते तुमच्याचकडे असणार. एक दिवस त्या पोरांना चहाला बोलवा आणि सांगा. सात-बारा, सनदा, मोडीतली पत्रं असं घरात काही असेल तर ते दाखवा, पण हातात देऊन पाठवू नका. ‘वाचून आणून देतो’ म्हणून गेलेली दप्तरं परत येत नाहीत, मग नेणारा कितीही चांगला असो. तुमच्यासमोर, तुमच्याच टेबलावर मोबाईलनं फोटो काढू द्या. मूळ कागद परत कापडात बांधून कपाटात.

बेळगावहून एक ताई : आमचा गट मिश्र आहे, मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारे. बेळगावात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. फेरी कुठल्या भाषेत करायची? सीमावादाचा विषय निघाला तर काय बोलायचं?

तुमचा गट मिश्र आहे ही निम्मी लढाई जिंकल्यासारखीच आहे, ताई. एकाच फेरीत प्रत्येक वाक्य दोनदा सांगू नका. चालणारे कंटाळतात आणि दुसऱ्यांदा सांगितलेलं नेहमी तोकडं असतं. एक रविवार मराठी, एक रविवार कन्नड, ज्याला जी हवी त्यानं त्या दिवशी यावं. मार्ग तोच, सन तेच, मजकुराचं पान तेच. ‘त्यांच्या फेरीत वेगळं सांगतात’ असं कुणाला म्हणता येऊ नये, त्यासाठी मराठी सांगणाऱ्यानं एकदा कन्नड फेरीत मागे उभं राहून ऐकावं आणि कन्नडवाल्यानं मराठीत.

दिवस निवडताना 1 नोव्हेंबर टाळा. एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिन, मध्ये तुमची छत्री घेतलेली वीस माणसं, कशाला? 17 जानेवारीही टाळा, 1956 च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचा तो दिवस आहे. आणि विधानसभेच्या अधिवेशनाच्या दिवसांत अर्धे रस्ते बंदच असतात.

विषय निघणारच. तो झाकायचा नाही आणि उगाळायचाही नाही. कुणी विचारलं तर सांगा की 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेलं, 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी अहवाल आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही, आणि खटला सुप्रीम कोर्टात आहे. एवढ्या चार ओळी झाल्या की पुढच्या थांब्याकडे चालू लागा. ज्याला वाद घालायचा आहे त्याला शेवटी चहावर भेटायला सांगा. बेळगावकर चहाला कधी नाही म्हणत नाही.

शहर मोठं आहे, सगळं एका सकाळी कोंबू नका. मला विचाराल तर दोन वेगळ्या फेऱ्या करा. एक जुन्या गल्ल्यांची. रिसालदार गल्लीत ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद भाटे वकिलांकडे उतरले होते. तेव्हा ते शिकागोला गेले नव्हते, कुणी ओळखतही नव्हतं. याच शहरात एप्रिल 1916 मध्ये टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. दुसरी फेरी टिळकवाडीची. डिसेंबर 1924 चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष, आणि आयुष्यात ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. एवढ्या माणसांना पाणी पाहिजे म्हणून खोदलेली विहीर अजून आहे. तिच्या कठड्यापाशी भाषणांबद्दल कमी बोला आणि पाण्याबद्दल जास्त. शेकडो स्वयंसेवक राबले होते ते राहणं, जेवण, पाणी, सफाई यासाठीच, आणि तुमचेही स्वयंसेवकच आहेत. अकरा-बारा वर्षांची गंगूबाई हंगल तिथे स्वागतगीताला उभी होती हे सांगितलंत तर गाण्याची आवड असणारे खूश होतील.

किल्ला तिसरी फेरी म्हणून ठेवा, घाई नको. आत लष्कराचा भाग आहे, तेव्हा कुठे जाता येतं आणि कुठे कॅमेरा चालत नाही ते आधी जाऊन विचारून या. कमल बस्ती या जैन मंदिरात छताकडे बघायला लावा, म्हणजे तिला कमल का म्हणतात ते सांगावं लागणार नाही. 1204 चं, रट्टांच्या काळचं काम आहे ते. त्या वेळचे बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या गावचा दगड बघायला विमानानं जायचं म्हणजे कठीणच. साफा मशिदीत नमाजाची वेळ सोडून, डोकं झाकून, तिथल्या मंडळींना आधी कळवून जा. तिथला थांबा तुमच्या गटातल्या उर्दू बोलणाऱ्या मैत्रिणीनं सांगावा. तिला टाळून सांगू नका, आणि तिला फक्त तेवढाच थांबा देऊ नका. विहिरीपाशीही तीच बोलू दे की.

चिकोडीहून : पैसे घ्यावेत का? काहीजण म्हणतात, फुकट दिलं की किंमत राहत नाही.

घेऊ नका. पैसे घेतले की लोक गिऱ्हाईक होतात आणि पापडवाल्या काकांना तुम्ही धंदेवाईक दिसता. झेरॉक्स, पाण्याचे कॅन, मावशीची मजुरी एवढा खर्च गावातलं एखादं मंडळ आनंदानं उचलतं. फक्त ज्यानं पैसे दिले त्याचा बॅनर फेरीपुढे नाचवायचा नाही. निवडणुकीच्या वर्षात तर मदत द्यायला फारच लोक पुढे येतात. त्यांना हात जोडून सांगा की तुम्ही चालायला या, पुढे नाही, मध्ये.

खानापूर तालुक्यातून एक मुलगी : बाई, सुरुवातीला पंधराजण होतो, आता तिघंच उरलोय.

तिघं पुष्कळ झाली. एकानं सांगायचं, एकानं घड्याळ आणि रस्ता बघायचा, एकानं सगळ्यात मागे चालायचं. मागचा सगळ्यात महत्त्वाचा. म्हातारी माणसं, चप्पल तुटलेले, कुत्र्याला घाबरणारे, सगळे त्याच्याच वाट्याला येतात. त्याच्या पिशवीत पाणी, पट्ट्या आणि ग्लुकोज असू दे. दर फेरीला कामं फिरवा, नाहीतर सांगणारा पुढारी होतो आणि मागचा पुढच्या रविवारी येत नाही. गळालेल्या बारा जणांना रागावू नकोस. त्यांच्यातल्या कुणाची आई थालीपीठ छान करते ते आठव आणि फेरीच्या शेवटी तिथे थांबा ठेव.

अनेकांचा प्रश्न : परवानगी कुणाची लागते, आणि कुठल्या महिन्यात करावी?

गल्लीतून चालायला परवानगी लागत नाही. तरी नगरपालिकेला किंवा पट्टण पंचायतीला आणि पोलीस ठाण्याला तारीख, मार्ग, माणसांची संख्या लिहून पत्र द्या, पोच घ्या. पत्र कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्हीत. लाऊडस्पीकर नको म्हणजे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या जागेत तिथल्या राखणदाराशी आधी ओळख करून घ्या, त्याला फेरीला बोलवा. त्याला जेवढं माहीत असतं तेवढं बोलायला कुणी सांगत नाही. आठवडी बाजाराचा दिवस सोडा. महिना म्हणाल तर दिवाळी झाल्यापासून शिमग्यापर्यंत. सकाळी साडेसातला निघा, नऊला संपवा. खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा, जूनपासून घरी बसून वह्या नीट लिहून काढा. आणि मार्ग ठरवताना वाटेत बायकांना जाता येईल असं स्वच्छ शौचालय कुठे आहे ते सगळ्यात आधी बघा. शाळेचं असेल तर रविवारी किल्ली कुणाकडे असते, तेही.